नोकरी सोडायची की नर्सिंग?

गेल्या काही वर्षांत माझ्या ओपीडीत एक नवीन प्रकारचा पेशंट यायला लागला आहे. वय बावीस ते पंचवीस, बहुतेक वेळा मुलगी, नर्सिंग पूर्ण करून नाशिक, पुणे किंवा आपल्याच भागातल्या एखाद्या हॉस्पिटलमध्ये वर्षभरापूर्वी लागलेली. तक्रारी साध्याच असतात. पित्त, डोकेदुखी, छातीत धडधड, झोप नाही, पाळी पुढे-मागे. तपासून होतं, गोळ्या लिहून होतात आणि मग दाराशी थांबून खरी मागणी येते: "सर, पंधरा दिवसांचं मेडिकल सर्टिफिकेट मिळेल का?" कशासाठी, असं विचारलं की डोळे भरतात. नोकरी सोडायची की नर्सिंगच सोडायचं, हे त्यांचं ठरत नसतं.

मी एरवी शुगर, बीपी, थायरॉईड यांच्यावर लिहितो. आज या विषयावर लिहितोय, कारण तो त्या मुलींइतकाच तुमचाही आहे. तुम्ही ॲडमिट होता तेव्हा मी तुमच्याजवळ दिवसातून फार तर पंधरा-वीस मिनिटं असतो. बाकीचा सगळा वेळ तुमच्यावर लक्ष ठेवतात त्या सिस्टर. रात्री तीन वाजता तुमचा श्वास वाढलाय हे मला फोन करून कळवणाऱ्याही त्याच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझं स्वतःचं पंधरा खाटांचं हॉस्पिटल आहे. म्हणजे या प्रकरणात मी पगार देणाऱ्यांच्या बाजूचा माणूस आहे. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्या.

या मुलींपैकी एकीबद्दल सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अकोले तालुक्यातलं गाव, वडिलांची थोडी शेती आणि तीन गायी. आई लग्नाआधी संगमनेरात विड्या वळायची. आजीच्या दम्यासाठी ही लहानपणापासून आजीचं बोट धरून माझ्याकडे यायची, तेव्हा मी 'डॉक्टर काका' होतो. बी.एस्सी. नर्सिंगला गेली त्या वर्षी एकदम 'सर' झालो. चार वर्षांचा कोर्स, त्यासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज. मग एका शहरातल्या मोठ्या खासगी हॉस्पिटलमध्ये नोकरी, तिला आठ महिने झालेले. नाईट बारा तासांची. वॉर्डात अठ्ठावीस पेशंट आणि दोन सिस्टर, त्यातली एक ही.

"सर, कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की पेशंटशी बोलायचं, त्याची भीती समजून घ्यायची. तिथं मला पेशंटचं नावसुद्धा आठवत नाही. बेड नंबर आठवतो," ती म्हणाली.

आता डॉक्टर म्हणून माझं पहिलं काम काय? सल्ला देणं हे नक्कीच नाही. मन उडालंय असं सांगणाऱ्या माणसाचं आधी शरीर तपासायचं. हे मी सगळ्यांनाच सांगतो, कारण थकव्याची सरळसाधी कारणं आपण 'टेन्शन' म्हणून सोडून देतो. तिचं हिमोग्लोबिन निघालं नऊ. म्हणजे रक्त चांगलंच कमी. थायरॉईड ठीक होतं, बी-१२ कमी होतं. डबा खायला वेळ नाही म्हणून रात्रभर चहा-बिस्किटं, आणि चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, हे नर्सिंग शिकलेल्या मुलीलाही सांगावं लागलं. नऊ हिमोग्लोबिन घेऊन बारा तास उभं राहिलं तर धडधड होणारच. कुठलाही व्यवसाय असता तरी तिला तो सोडावासा वाटला असता.

मग झोप. आपल्या शरीराचं घड्याळ पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान सगळ्यात मंद चालतं. शरीराचं तापमान तेव्हा सर्वात खाली असतं, लक्ष उडतं, चुका वाढतात आणि मनही काळवंडतं. सलग सहा नाईट केलेल्या माणसाला सातव्या दिवशी आयुष्याबद्दल काहीही विचारलं तरी उत्तर 'नको' असंच येतं. म्हणून माझा एक साधा नियम आहे, जो मी प्रत्येक नर्सला आणि रेसिडेंट डॉक्टरला सांगतो: नाईट चालू असताना राजीनामा लिहायचा नाही. नाईट संपू दे, तीन-चार रात्री सलग झोप होऊ दे, मग कागद घे. नाईटवरून आल्यावर खोलीत अंधार करायचा, मोबाईल बाहेर ठेवायचा, पहाटेनंतर चहा-कॉफी घ्यायची नाही. आणि घरच्यांनी तिला दहा वाजता 'एवढं पाहुणे येऊन गेले की झोप' म्हणून उठवायचं नाही. आपल्याकडे दिवसा झोपलेल्या मुलीकडे बघण्याची नजर चांगली नसते. तिच्यासाठी ती रात्रच आहे, हे घरात सगळ्यांना समजावून सांगावं लागतं.

तिसरी गोष्ट म्हणजे नैराश्य. दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणं, कशातच रस न वाटणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, जगणं नको वाटणं, हे मी सरळ शब्दांत विचारतो. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरतात हा गैरसमज आहे. तिच्या बाबतीत उत्तर नाही असं आलं. ते हो आलं असतं तर नोकरीची चर्चा तिथेच थांबवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. ज्यांना लगेच कुणाशी बोलायची गरज आहे त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. दीड महिन्यापूर्वी तिला वापरलेली सुई टोचली होती. नळाखाली बोट धुतलं आणि गप्प बसली, कारण इन्चार्ज ओरडतील. मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटली. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवायचं, बोट पिळायचं नाही, आणि लगेच कळवायचं. पेशंट एचआयव्ही बाधित असेल तर अशा टोचण्यातून लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करायची, २८ दिवस घ्यायची. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग उरत नाही. हिपॅटायटिस बी-चा धोका त्याहून कितीतरी जास्त, लस न घेतलेल्या माणसात ३० टक्क्यांपर्यंतही. तिचे लसीचे दोनच डोस झाले होते, तिसरा परीक्षेच्या गडबडीत राहिला. तिचे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी-चे रिपोर्ट निगेटिव्ह आले, पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहून दिल्या, राहिलेला तिसरा डोस दिला. पण जिथे सुई टोचल्याचं सांगायला मुलगी घाबरते त्या वॉर्डात आणखी काय काय न सांगितलं जात असेल, याचा विचार पेशंट म्हणून तुम्ही करा.

शरीराचं एवढं झाल्यावर मग मूळ प्रश्न.

शिकताना मनात असलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम यांची टक्कर होते तेव्हा नव्या नर्सचं काय होतं, यावर मार्लिन क्रेमर या अमेरिकन नर्सने १९७४ मध्ये पुस्तकच लिहिलं. 'रिॲलिटी शॉक' हा शब्द तिने रूढ केला. आधी थोडे दिवस नव्याची नवलाई, मग धक्का आणि संताप, मग हळूहळू सावरणं, असा तो प्रवास तिने मांडला. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं गेल्यावर नर्स खऱ्या अर्थाने सक्षम होते. तोवर ती नियम आठवून काम करते. पुढे कधीतरी पेशंटकडे नुसतं बघून 'काहीतरी बिघडतंय' हे तिला कळायला लागतं. मी हे तिला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे आठ महिन्यांत मला जमत नाही यात माझा दोष नाही?" नाही. आठ महिन्यांत मलाही जमत नव्हतं, फक्त माझ्या हाताखाली नीट शिकवणारी एक वयस्कर सिस्टर होती. इंटर्न असताना शीर सापडेना म्हणून मी घामाघूम झालो की ती शांतपणे टॉवेल गरम करून आणायची. तिच्याकडून शिकलेलं अजून वापरतो.

हिच्या वॉर्डात शिकवणारं कुणी नव्हतं. दुसरी सिस्टर हिच्यापेक्षा तीन महिन्यांनी जुनी.

म्हणून मी तिला धक्क्याबद्दल सांगून थांबलो नाही. 'सगळ्यांचंच असं होतं, सहन कर' हा सल्ला मला अर्धवट वाटतो. काही ठिकाणी खरोखरच सहन करू नये अशी परिस्थिती असते. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध आहे: एका नर्सकडे असलेल्या पेशंटमध्ये एकाची भर पडली की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि नर्स पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. तिथली हॉस्पिटलं वेगळी, हे खरं. पण दिशा आपल्याकडे उलटी असेल असं मानायला काही कारण नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात शिकवण्याच्या हॉस्पिटलांच्या जनरल वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स, म्हणजे प्रत्येक पाळीत नऊ खाटांना एक, आणि रजेसाठी आणखी ३० टक्के माणसं धरलेली आहेत. तिच्या वॉर्डात एका नर्सकडे चौदा.

आता माझ्या बाजूचा हिशोब. एका पाळीत दोन नर्स हव्यात, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, सात दिवस. आठवड्याला ४२ पाळ्या झाल्या. एक माणूस सहा पाळ्या करतो, म्हणजे सात नर्स. आजारपण, बाळंतपण, सणासुदीची रजा धरली की नऊ. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलमध्येही नर्सला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. नऊ गुणिले वीस हजार, म्हणजे महिन्याला १ लाख ८० हजार, फक्त नर्सिंगचे. पंधरा खाटांच्या हॉस्पिटलला हे जड जातं, मी खोटं बोलणार नाही. त्यातून पळवाट काढली जाते ती दोन प्रकारांनी: माणसं कमी ठेवायची, किंवा दहावी-बारावी झालेल्या मुलीला पांढरा ड्रेस घालून उभं करायचं. दोन्हीची किंमत पेशंट मोजतो, बिलात ती दिसत नाही एवढंच. केरळमध्ये नर्सच्या संघटनांनी लढून २०१८ मध्ये २०,००० रुपयांचं किमान वेतन राज्य सरकारकडून जाहीर करून घेतलं. आपल्याकडे १२ मेला गुलाबाचं फूल देतात.

मला विचाराल तर 'सेवा', 'देवी', 'पांढऱ्या कपड्यातल्या परी' या शब्दांनी नर्सिंगचं नुकसानच केलं आहे. देवीला ओव्हरटाईम द्यावा लागत नाही. केईएम हॉस्पिटलच्या परिचारिकांनी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत, एकूण ४२ वर्षं, सांभाळलं. ही गोष्ट आपण गहिवरून सांगतो. गहिवर योग्यच आहे, पण त्यातली डॉक्टरला थक्क करणारी बाब वेगळी आहे: इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या अंगावर त्यांनी बेडसोअर होऊ दिले नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलणं, त्वचा कोरडी ठेवणं, भरवणं, आणि हे पिढ्यान् पिढ्यांच्या नर्सनी एकमेकींना सोपवत नेणं. हे कौशल्य आहे, आणि त्याला माणसं लागतात, वेळ लागतो.

या मुलीला नेमकं तेच टोचत होतं. बेड नंबर अकरावर एक आजोबा होते, खुब्याचं हाड मोडलेले. कूस बदलायची वेळ तिला माहीत होती. पण एका पेशंटचं रक्त चालू, दुसऱ्याला उलटी, तिसऱ्याचे नातेवाईक काउंटरवर हात आपटतायत, आणि सकाळी फाईल अपूर्ण दिसली तर बोलणी. चौथ्या दिवशी आजोबांच्या माकडहाडाजवळ कातडी सोललेली दिसली. "मला येत नव्हतं असं नाही सर. मला करता आलं नाही." काय बरोबर ते माहीत असून परिस्थितीमुळे ते करता न येणं, या त्रासाला वैद्यकात 'मॉरल डिस्ट्रेस' असं नाव आहे. तो कामाच्या थकव्यापेक्षा वेगळा असतो आणि सुट्टीने जात नाही. नुसता थकलेला माणूस झोपून उठला की बरा होतो. हा माणूस झोपून उठला तरी त्याला बेड नंबर अकरा दिसतो.

घरचे दोघं दुसऱ्या दिवशी आले. आईचं म्हणणं, "डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगा तिला, थोडं सोसायला लागतं. कर्जाचा हप्ता चालू झालाय." वडिलांचं उलट. त्यांच्या डोक्यात आपल्या जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलची आग होती. ६ नोव्हेंबर २०२१ ला कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा पेशंट गेले, आणि नंतर एका डॉक्टरबरोबर परिचारिकांनाही अटक झाली, त्यावर परिचारिकांनी आंदोलनं केली. "वायरिंग त्यांनी केलं होतं का साहेब? उद्या हिच्या वॉर्डात काही झालं तर हिलाच धरतील," ते म्हणाले. या भीतीला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. एवढंच सांगितलं की जे केलं ते वेळेसह लिहून ठेवायचं, जे करता येत नाहीये ते वरिष्ठांना लेखी कळवायचं, मूळ प्रमाणपत्रं कुठल्याही हॉस्पिटलकडे ठेवायची नाहीत आणि बाँडवर सही करण्याआधी तो घरी आणून वाचायचा.

तिला मी एकच प्रश्न विचारला होता, आणि दोन दिवसांनी उत्तर दे म्हटलं होतं: तुला पेशंटचा कंटाळा आलाय की त्या जागेचा? मला हा प्रश्न सगळ्यात उपयोगाचा वाटतो. ज्यांना आजारी माणसाच्या जवळ जाणं, त्याची घाण काढणं, त्याचं रडणं मनातून नकोसं वाटतं, त्यांनी नर्सिंग सोडावं, आणि लाज न बाळगता सोडावं. घेतलेलं शिक्षण वाया गेलं म्हणून चाळीस वर्षं कुढत काढणं पेशंटलाही बरं नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी नर्सिंग सोडून बँकेत लागली, छान आहे.

हिचं उत्तर आलं, "पेशंटचा नाही." मग पर्याय बघितले. नर्सिंग म्हणजे फक्त जनरल वॉर्डची नाईट नव्हे. डायलिसिसला एका नर्सकडे मोजकेच पेशंट असतात आणि तेच तेच पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतात, त्यामुळे नाव लक्षात राहतं. सरकारी अधिपरिचारिकेची भरती आहे, उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं काम आहे, एम.एस्सी. करून शिकवणं आहे. परदेशही आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, त्यात नर्सही येतात, पण जर्मन भाषा चांगली यावी लागते आणि तिथेही नाईट असतेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची नोंद घेताना तो आजार मानला नाही, कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या ताणातून येणारी अवस्था मानली. तेव्हा उपायात कामाची जागाही यायला हवी. गोळीत तेवढं लोहच मावतं.

पेशंट आणि नातेवाईक म्हणून तुमच्या हातात काय आहे? ॲडमिट करताना विचारा: रात्री या वॉर्डात किती नर्स असतात, त्या नोंदणीकृत आहेत का? एसी आहे का हे आपण विचारतो, हे विचारत नाही. सलाईन संपलं म्हणून आरडाओरडा करू नका, संपलेल्या सलाईनमधून हवा शिरून माणूस मरत नाही. त्यापेक्षा श्वास वाढला, पेशंट गुंगीत गेला, लघवी कमी झाली, तर मात्र लगेच सांगा. आणि घरातला एक माणूस कूस बदलायला शिकून घेऊ दे, सिस्टर पाच मिनिटांत शिकवतात.

सर्टिफिकेट मी तीन आठवड्यांचं दिलं, खऱ्या निदानावर: रक्तक्षय. त्या काळात ती गावी झोपली, नाचणी आणि पालेभाज्या खाल्ल्या, लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर घेतल्या, गायींची धार काढली. मग परत जाऊन नोटीस पिरियड पूर्ण केला आणि आता एका डायलिसिस युनिटला लागली आहे. पगार पहिल्यापेक्षा दोन हजारांनी कमी आहे, आईला ते पटलेलं नाही. स्वतःला तिने वर्षभराची मुदत दिली आहे, त्यानंतर पुन्हा ठरवणार. परवा रिपोर्ट दाखवायला आली तेव्हा हिमोग्लोबिन साडेदहा होतं. गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवायला सांगितल्या आहेत, कारण रक्त वाढलं तरी शरीरातला लोहाचा साठा भरायला तेवढा वेळ लागतो.